बांगरला कितवा नंबर द्यायचा?

एक सोपा प्रश्न आहे. मराठवाड्याची ऑल टाइम क्रिकेट टीम निवडायची झाली, तर संजय बांगरला कुठे बसवाल? ओपनर म्हणून? सहा नंबरला? तिसरा सीमर म्हणून? की 'असू दे बाबा, कुठेतरी कामाला येईल' या कोट्यातून पंधरा जणांत शेवटचा?

घाईत उत्तर देऊ नका. कारण हा प्रश्न एकट्या बांगरचा नाही. ज्याला दोन-तीन कामं चांगली येतात, पण त्यातलं एकही जगात सगळ्यांत भारी येत नाही, अशा प्रत्येकाचा आहे. तुमच्या ऑफिसात असा एक जण असतोच. क्लायंट चिडला की त्याला पाठवतात, प्रेझेंटेशन अडलं की त्याला बसवतात, नवीन पोरांना शिकवायचं तर तोच, आणि प्रिंटर बंद पडला तरी हाक त्यालाच. मग अप्रेझल होतं. त्याच्या कागदावर काय येतं? 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. बस्स. कौतुक भरपूर, वाढ सरासरी. मराठीत तर अशा माणसासाठी म्हणच तयार आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. आणि गंमत बघा, त्याच मराठीत 'अष्टपैलू' असा देखणा शब्दही आहे. कुणाला कधी यातलं काय चिकटवायचं, भांडण तेवढंच.

हे भांडण मी परवा लातूर ते नांदेड या रस्त्यावर ऐकलं. ऐकलं म्हणजे त्यात मनसोक्त भागही घेतला. नांदेडला एका मैत्रिणीचं लग्न होतं. गाडीत एक लातूरकर, एक नांदेडकर, मी आणि गाडी चालवणारे मामा. लातूरकर पुण्यात आयटीत आहे, त्याचा एक्सेल शीटवर देवापेक्षा जास्त विश्वास. नांदेडकर बँकेत आहे आणि तो आठवणींवर चालतो. चाकूर यायच्या आत टीम निवडायला घेतली. जालन्याचा विजय झोल, तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर अशी नावं पटापट आली. अहमदपूर येईपर्यंत गाडी बांगरवर अडली ती अडलीच.

ज्यांचा 2002 साली क्रिकेटशी संबंध नव्हता (किंवा जे तेव्हा पहिलीत होते) त्यांच्यासाठी थोडक्यात. संजय बांगर, जन्म बीडचा, 1972. उजव्या हाताने बॅटिंग, उजव्या हाताने मध्यमगती बॉलिंग. रणजी खेळला तो महाराष्ट्राकडून नाही, रेल्वेकडून. त्यांचा कर्णधारही होता. प्रथम श्रेणीत 8 हजारांहून जास्त धावा आणि 300 विकेट्स. भारताकडून 12 टेस्ट, 15 वनडे. 2013 मध्ये निवृत्त झाला, 2014 ते 2019 भारतीय संघाचा बॅटिंग कोच होता. आज बऱ्याच जणांना तो टीव्हीवर शांतपणे बोलणारा माणूस म्हणून माहीत आहे.

लातूरकराने पहिला बॉल टाकला तोच यॉर्कर. "बारा टेस्ट, 470 रन, सात विकेट. बॅटिंगचं ॲव्हरेज तिशीच्याही खाली, बॉलिंगचं पन्नाशीला टेकलेलं. एवढ्यावर तू त्याला वरचा नंबर द्यायलास?"

खरं सांगायचं तर यावर पटकन उत्तर नसतं. एका शतकाच्या मालकाला (2002, नागपूर, झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद 100, सातव्या नंबरवर) केवळ आपल्या भागातला म्हणून वर ढकलायचं, हे काही बरोबर नाही. आणि लातूरकर हा शेवटी लातूरकर. ज्या गावाने अख्ख्या महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' दिला, तिथला माणूस नंबराच्या बाबतीत भावनिक कसा होणार? तिथे घराघरात मुलाची ओळख आकड्याने होते. त्यात आपल्याकडे बारावीला एक जमात असते, फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स आणि बायो दोन्ही घेणारी. दोन्ही ग्रुप! घरी येणारे पाहुणे आधी "वा वा, हुशार आहे" म्हणतात आणि चहा संपल्यावर "पण एकच धरायला हवं होतं" असंही म्हणून जातात. लातूरकर स्वतः दोन्ही ग्रुपवाला. डॉक्टर व्हायचं राहिलं याचा राग त्याने गणितावर काढला नाही, बांगरवर काढला, असं माझं मत. त्याला ते मान्य नाही.

नांदेडकराचं उत्तर एका शब्दाचं होतं. "लीड्स."

आणि मग, "आकड्याचं काय सांगायलास बे मला? लीड्सची मॅच बघितलास का तू?"

आता इथे थांबावंच लागेल, कारण ती मॅच खरंच सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट 2002, इंग्लंडचा दौरा. लॉर्ड्सवर आपण हरलो होतो, नॉटिंगहॅमला ड्रॉ. तिसरी टेस्ट हेडिंग्लेला. ढगाळ हवा, चेंडू हलवणारी खेळपट्टी, समोर हॉगर्ड, कॅडिक, फ्लिंटॉफ. असल्या हवेत शहाणा कॅप्टन टॉस जिंकून समोरच्याला बॅटिंग देतो. गांगुलीने टॉस जिंकला आणि स्वतः बॅटिंग घेतली. पहिल्या दोन टेस्टमध्ये सेहवागबरोबर वसीम जाफर ओपनिंगला होता. त्याच्या जागी आला बांगर, जो मुळात ओपनर नव्हताच.

15 धावांवर सेहवाग गेला. मग द्रविड आणि बांगर. दोघं मिळून 170 धावा जोडून गेले आणि दुसरी विकेट पडली ती 185 वर. बांगर 68. त्यासाठी त्याने दोनशेहून जास्त चेंडू खेळले. बघायला कंटाळवाणं होतं का? होतं की. चेंडू बाहेर जातोय, हा सोडतोय. पुन्हा बाहेर जातोय, पुन्हा सोडतोय. अंगावर येतोय, हा खाली मान घालून उभा. द्रविडच्या शेजारी उभं राहून द्रविडपेक्षा संथ वाटणं हासुद्धा एक विक्रमच म्हणायचा. पण त्या दिवशी चेंडू जुना झाला, इंग्लंडचे बॉलर दमले, आणि मागून तेंडुलकर 193, गांगुली 128. द्रविडच्या स्वतःच्या 148. एकूण 628 वर 8, डाव घोषित. पुढे भारताने एक डाव आणि 46 धावांनी टेस्ट जिंकली. मॅन ऑफ द मॅच द्रविड, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही.

मग बांगरचं काय? स्कोअरकार्डात 68 आणि दुसऱ्या डावात 2 विकेट. टीममधला चौथ्या क्रमांकाचा स्कोअर. चार ओळींच्या बातमीत त्याचं नाव येणार नाही, आलं तर शेवटच्या ओळीत.

पण मला यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती स्कोअरकार्डात वाचता येत नाही. ती टीमच्या यादीत आहे. त्या टेस्टमध्ये भारताने कुंबळे आणि हरभजन असे दोन्ही स्पिनर खेळवले. इंग्लंडमध्ये, लीड्सला, ढगाखाली! आधीच्या दोन टेस्टमध्ये ही चैन परवडली नव्हती. तीन सीमर खेळवायचे तर एकाच स्पिनरला जागा उरते, लॉर्ड्सला कुंबळे आणि नॉटिंगहॅमला हरभजन. लीड्सला झहीर आणि आगरकर असे दोनच सीमर घेतले, कारण तिसरा सीमर ओपनिंगला पॅड बांधून बसला होता. म्हणजे बांगर टीममध्ये आल्याने जागा मिळाली ती कुंबळे-हरभजन या जोडीला. कुंबळेने त्या मॅचमध्ये सात विकेट घेतल्या. त्या कुंबळेच्या खात्यात आहेत, असायलाच हव्यात. पण अकरा जणांत बारा जण बसवण्याची करामत ज्याच्यामुळे जमली, त्याच्या खात्यात ती कुठे लिहायची? त्यासाठी रकानाच नाही.

ऑफिसातल्या त्या प्रिंटर-क्लायंट-प्रेझेंटेशनवाल्याचंही हेच दुखणं आहे. तो असतो म्हणून तुमचा स्टार प्रोग्रॅमर दिवसभर फक्त कोड लिहू शकतो. स्टारचं कोड मोजलं जातं. त्याला मोकळं ठेवणारा माणूस मोजला जात नाही.

लातूरकर हटायला तयार नव्हता, आणि त्याचा पुढचा मुद्दा मला आवडला. तो म्हणाला, "ठीक आहे, पण मोजायचं यंत्र आहे की. आयसीसीची ऑलराउंडर रँकिंग बघ." बघितली. त्याचा फंडा मजेशीर आहे. खेळाडूचे बॅटिंगचे रेटिंग गुण आणि बॉलिंगचे रेटिंग गुण यांची बेरीज करत नाहीत, गुणाकार करतात आणि हजाराने भागतात. म्हणजे कुणाचे बॅटिंगचे 900 आणि बॉलिंगचे 200 असतील, तर निघतात 180. आणि दोन्हीकडे 500-500 वाला असेल, तर 250. बेरीज केली असती तर 900-200 वाला पुढे असता. गुणाकारात तो मागे पडतो. निव्वळ बॅट्समन असेल, बॉलिंग शून्य, तर हजार गुण असले तरी उत्तर शून्य. शाळेतल्या गणिताचा एवढा सुंदर उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. दोन्ही बाजूंनी बरा असलेल्याला त्यात मान आहे.

पण हे यंत्रसुद्धा एका जागी फसतं. ते बॅटिंग मोजतं आणि बॉलिंग मोजतं. 'काल सातव्या नंबरवर होता, आज नवा चेंडू खेळायला गेला' हे ते मोजत नाही. बांगरच्या सगळ्या करिअरची किंमत तर तिथेच दडलेली आहे.

ही जातच वेगळी आहे आणि आपल्याकडे तिची परंपरा मोठी आहे. रवी शास्त्री 1981 मध्ये वेलिंग्टनला पहिली टेस्ट खेळला तेव्हा दहाव्या नंबरवर बॅटिंगला आला होता. 1992 मध्ये सिडनीला त्याने 206 काढल्या त्या ओपनर म्हणून. दहावरून एकवर! आणि तरी या माणसाने अख्ख्या करिअरभर स्टेडियममध्ये 'हाय हाय' ऐकलं. नाशिकचे बापू नाडकर्णी घ्या. 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ 21 मेडन ओव्हर्स टाकल्या, हे क्विझमध्ये आजही विचारतात. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद 122 काढल्या, हे कुणी विचारत नाही. एकनाथ सोलकर तर डावखुरा बॅट्समन, मध्यमगतीही टाकायचा, स्पिनही टाकायचा. लोकांना आठवतो तो शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा असलेला, 27 टेस्टमध्ये 53 झेल. म्हणजे अष्टपैलूंतही लक्षात राहतो तो एकच पैलू चमकलेला. बाकीचे सात पैलू घरी ठेवून आला असता तरी चाललं असतं, असंच जणू.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेतलं ते हेल्मेटवालं कॉलेज फुटबॉल घ्या. तिथे खेळाडू एकतर आक्रमणात असतो नाहीतर बचावात, दोन वेगळ्या पलटणीच असतात. कोलोराडो युनिव्हर्सिटीचा ट्रॅव्हिस हंटर दोन्हीकडे खेळला. एका खेपेला चेंडू झेलणारा, दुसऱ्या खेपेला झेलू न देणारा. 2024 मध्ये त्याला तिथलं सगळ्यांत मानाचं हाइझमन पारितोषिक मिळालं, आणि 2025 मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो दुसऱ्या क्रमांकावर उचलला गेला. त्याच्यावरून तिकडे झालेला वाद ऐकला तर आमच्या गाडीतलाच वाटेल. याला एक थोर खेळाडू धरायचा की दोन चांगले? फरक एवढाच, की त्यांच्याकडे या वादात कोट्यवधी डॉलर असतात. आमच्याकडे लोह्याचा चहा होता.

त्या चहावर मामा बोलले. तोपर्यंत ते फक्त गाडी चालवत होते आणि आरशातून हसत होते.

"ताई, एक इचारू का? ते बांगर सोडा. आमच्यासारख्याचं काय?"

मामा कॉलेजात असताना कबड्डीच्या टीममध्ये होते. खो-खोच्याही. व्हॉलीबॉलला माणूस कमी पडला की तिथेही, आणि क्रॉसकंट्रीला सर म्हणाले म्हणून. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 ला झालं आणि लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजं त्याखाली आली. तेव्हापासून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या दिवसांत असा एकच मुलगा चार टीमच्या फोटोत दिसणं काही नवीन नाही. लहान कॉलेज, मुलं कमी, क्रीडा संचालकांना पूर्ण टीम उतरवायची असते. मग जो धावतो, त्यालाच धावायला लावायचं.

"सर म्हणायचे, तू हाइस म्हणून टीम उभी राहतीय. खरं होतं ते. पण सिलेक्शनला गेलो की कबड्डीत माझ्यापुढं नुसता कबड्डी खेळणारा, खो-खोत नुसता खो-खो खेळणारा. चारीकडं मी दुसरा." मामांनी कप खाली ठेवला. "सर्टिफिकेट हाइत ढीगभर. वरचं एकबी न्हाई."

हे ऐकून लातूरकरसुद्धा गप्प झाला. कारण हिशेब सरळ आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागतं ते एका खेळातलं ठरावीक पातळीवरचं यश. चार खेळांतलं जिल्हा पातळीचं यश एकत्र करून राज्य पातळीचं एक होत नाही. तिथे ना बेरीज चालते, ना गुणाकार.

मामांच्या त्या 'चारीकडं मी दुसरा'मध्ये बांगरचं करिअर कसं संपलं तेही आलं. लीड्सनंतर घरी वेस्ट इंडिजविरुद्ध मुंबई टेस्टमध्ये सेहवाग-बांगर जोडीने 201 धावांची सलामी दिली. सेहवाग 147, बांगर 55. नोव्हेंबरमध्ये अहमदाबादच्या वनडेत 325 चा पाठलाग करताना द्रविडबरोबर त्याने नाबाद 57 फटकावल्या, तेही तडाखेबंद. तोच माणूस, ज्याने लीड्सला चेंडू सोडून सोडून इंग्लंडला रडवलं होतं! हेही येतं, तेही येतं. मग डिसेंबरमध्ये न्यूझीलंड. हिरव्यागार खेळपट्ट्या, दोन टेस्ट, चार डाव आणि भारताचा सगळ्यांत मोठा स्कोअर 161. हॅमिल्टनला तर सगळी टीम 99 वर आउट. तिथे भलेभले गेले. बांगरही चारही डावांत अपयशी. हॅमिल्टन ही त्याची शेवटची टेस्ट ठरली.

इतरांना पुढची संधी मिळाली आणि त्याला का नाही? कारण निवड समितीच्या टेबलावर प्रश्न 'बांगर हवा का' असा येतच नाही. तो येतो 'ओपनर कोण' असा, तिथे निव्वळ ओपनर पुढे. नंतर येतो 'तिसरा सीमर कोण', तिथे निव्वळ सीमर पुढे. 2003 च्या शेवटी ऑस्ट्रेलियात आकाश चोप्रा ओपनिंगला होता आणि इरफान पठाण नावाचा एकोणीस वर्षांचा डावखुरा स्विंग बॉलर टीममध्ये आला होता. दोन्ही रांगांत बांगर एकाच्या मागे उभा. 2003 च्या वर्ल्ड कपला तो टीमबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला होता. आपण थेट फायनलपर्यंत पोचलो आणि त्याला एकही मॅच खेळायला मिळाली नाही. विमानात बसवायला असा माणूस सगळ्यांना हवा असतो. अडीनडीला असावा म्हणून.

इथे मला नांदेडकराशीही भांडायचं आहे, कारण तो दुसऱ्या टोकाला गेला होता. त्याच्या मते बांगरवर अन्याय झाला. मला तसं वाटत नाही. न्यूझीलंडमध्ये जी उणीव दिसली ती खरी होती. चांगल्या हलत्या चेंडूवर रोज नवा चेंडू खेळणं हे ओपनरचं काम, आणि एका लीड्सच्या पुंजीवर ते आयुष्यभर मिळत नाही. बॉलिंगचा वेगही बेताचा. 'अष्टपैलू आहे' म्हणून प्रत्येक बाजूची कमतरता माफ करायची, ही सवलत झाली, न्याय नाही. ऑफिसातही काही जण 'मी सगळंच करतो' या वाक्याआड काहीच नीट करत नाहीत. असे मी पाहिलेत, तुम्हीही पाहिले असतील. एक ना धड ही म्हण उगाच नाही आली.

आपल्या मातीतल्या खो-खोला हा गुंता कधी पडला नाही, हे मला त्या निमित्ताने लक्षात आलं. तिथे पाळी बदलली की धावणाऱ्यांनी बसायचं आणि बसलेल्यांनी धावायचं. आक्रमण येतं पण संरक्षण येत नाही, असा खेळाडू फार दिवस टिकत नाही. लातूरच्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे, जिच्या नेतृत्वाखाली भारताने 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि जिला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तिला कुणी 'तू नक्की कोण, आक्रमक की संरक्षक' असं विचारलं असेल असं वाटत नाही.

क्रिकेट मात्र उलट्या दिशेने चाललं आहे. आयपीएलमध्ये 2023 पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आला. मॅचच्या मध्येच एक खेळाडू बाहेर काढून दुसरा आत घ्यायचा. म्हणजे बॅटिंग झाली की बॅट्समन बसवा, बॉलर आणा. अकरात बारा बसवायची जी करामत बांगर स्वतःच्या अंगावर घेऊन करत होता, ती आता नियमच करून देतो. या नियमामुळे ऑलराउंडर मागे पडतील, असं रोहित शर्मा 2024 मध्ये उघड बोलला होता. अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख आठवतो? लहानपणी 'काय पो छे' सिनेमात दिसलेला तो मुलगा पुढे खराखुरा ऑलराउंडर झाला आणि 2020 च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने त्याला 20 लाखांना घेतलं. ॲक्टिंग, बॅटिंग, बॉलिंग. याला म्हणतात दोन्ही ग्रुप घेणं! अशा पोरांना पुढे जागा किती उरेल, हा प्रश्न मामांच्या प्रश्नाहून फार लांबचा नाही.

तर मग नंबर. भारताच्या ऑल टाइम ऑलराउंडरांच्या यादीत मी बांगरला पहिल्या दहांत घेणार नाही. मंकड, कपिल, शास्त्री, जडेजा, अश्विन, नाडकर्णी... ही रांग फार लांब आहे, आणि तिथे लातूरकराची एक्सेल शीट बरोबर आहे. 12 टेस्टवाल्याला तिथे घुसवणं म्हणजे वशिला.

पण मराठवाड्याच्या टीमच्या कागदावर मी पहिलं नाव त्याचं लिहिलं. कॅप्टन म्हणून नाही, सगळ्यांत मोठा खेळाडू म्हणूनही नाही. तो कागदावर असला की उरलेली दहा नावं मोकळेपणाने लिहिता येतात. स्पिनची खेळपट्टी असेल तर दोन नाही, तीन स्पिनर घ्या. कुणी नवा मुलगा ओपनिंगला घाबरत असेल तर त्याला पाचावर लपवा. विजय झोलने ज्युनियर क्रिकेटमध्ये नाबाद 451 ठोकल्या होत्या, त्याला हवा तो नंबर द्या. हंगर्गेकरला चारच ओव्हर, पण पूर्ण जोर लावून टाकू द्या. बांगर कुठे खेळणार, हे सगळ्यात शेवटी ठरवलं तरी चालतं.

लातूरकर म्हणतो की ही पळवाट आहे, मी नंबर दिलाच नाही. नांदेडकर म्हणतो की पहिला लिहिला म्हणजे पहिला नंबर दिला. मामांना मी विचारलं नाही. त्यांनी स्वतःहून एवढंच विचारलं, की या टीमला व्हॉलीबॉल येतं का.